वकील राज्याचा की पक्षाचा?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सातारा आणि सांगली या दोन्ही मतदारसंघांत ७ मे रोजी मतदान झाले. येथील जाहीर प्रचार थंडावत होता, कार्यकर्ते मतदारयाद्या घेऊन घरोघरच्या भेटी पूर्ण करत होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत एका विधानाने महाराष्ट्र ढवळून निघाला. विधानसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी असा आरोप केला की, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे यांचा बळी घेणारी गोळी कसाबच्या वा त्याच्या साथीदारांच्या बंदुकीतली नव्हती. ती संघाशी जवळीक असणाऱ्या एका पोलिसाच्या शस्त्रातून सुटली होती आणि ही गोष्ट न्यायालयापासून दडवून ठेवणारे सरकारी वकील म्हणजे उज्ज्वल निकम. अशा देशद्रोह्याला भाजपने उमेदवारी दिली, हे त्यांचे पुढचे वाक्य. निकम तेव्हा उत्तर-मध्य मुंबई मतदारसंघातून भाजपचे उमेदवार होते.

या विधानावर त्या वेळी पुष्कळ गदारोळ झाला. माजी पोलीस महानिरीक्षक एस. एम. मुश्रीफ यांच्या पुस्तकाच्या आधारे आपण बोललो, असा खुलासा वडेट्टीवार यांनी केला. निवडणूक संपली आणि वाद मागे पडला. परंतु त्या वादाच्या तळाशी असलेला प्रश्न मागे पडलेला नाही. राज्याच्या वतीने न्यायालयात उभा राहणारा वकील नेमका कोणाचा असतो, हा तो प्रश्न. त्याचे अर्धे उत्तर आपण विरोधकांना ठणकावून दिले. उरलेले अर्धे उत्तर आपल्याला स्वतःला द्यावयाचे आहे आणि ते अधिक अवघड आहे.

केडंबेच्या सुपुत्राचे ऋण

प्रथम आरोपाविषयी. करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या तीन अधिकाऱ्यांवर रंगभवनजवळच्या गल्लीत गोळीबार झाला, तेव्हा त्याच गाडीच्या मागील भागात अरुण जाधव हे पोलीस कर्मचारी जखमी होऊन पडले होते. ते वाचले आणि त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. या खटल्यात सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये फाशीची शिक्षा कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्यावर अखेरची मोहोर उमटवली. या तिन्ही पायऱ्यांवर कसाबला वकील मिळाला. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांच्यासारखे ज्येष्ठ विधिज्ञ न्यायालयाच्या विनंतीवरून त्याच्यासाठी उभे राहिले. तिन्ही न्यायालयांनी या अधिकाऱ्यांच्या हत्येसाठी कसाब आणि अबू इस्माईल यांनाच जबाबदार धरले.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपीही होते. पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून विशेष न्यायालयाने त्यांना मुक्त केले. सरकार वरच्या न्यायालयांत गेले. तेथेही सुटका कायम राहिली. म्हणजे निकम यांनी मांडलेली प्रत्येक गोष्ट न्यायाधीशांनी मान तुकवून स्वीकारली, असे मुळीच घडले नाही. जे सिद्ध झाले तेवढेच त्यांनी घेतले, जे झाले नाही ते बाजूला ठेवले. अशा न्यायालयाच्या डोळ्यांत एक वकील धूळ फेकून गेला, असे म्हणणे हा त्या वकिलाहूनही न्यायालयाचा अधिक अपमान आहे.

साताऱ्याच्या माणसाला या प्रकरणी विशेष वेदना होण्याचे कारण जावळी तालुक्यातील केडंबे या गावात आहे. साहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हे या गावचे सुपुत्र. गिरगाव चौपाटीवर हातातील लाठीनिशी पुढे झेपावून त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी आपल्या देहाशी धरून ठेवली, गोळ्या झेलल्या आणि सहकाऱ्यांना तो अतिरेकी जिवंत पकडता आला. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. २०२५ मध्ये राज्य शासनाने केडंबे येथे त्यांच्या स्मारकासाठी तेरा कोटींहून अधिक निधी मंजूर केला.

ओंबळे यांच्या बलिदानाचा खरा अर्थ काय? कसाब जिवंत सापडला म्हणून पाकिस्तानचा हात जगासमोर नाकारता येणार नाही अशा रीतीने उघडा पडला. आणि कसाब जिवंत सापडला म्हणूनच खटला चालला. ओंबळे यांनी प्राण देऊन जे मिळवले, ते न्यायालयाच्या निकालपत्रात कायमचे नोंदले गेले. त्या निकालावर संशयाचा शिंतोडा उडवणे म्हणजे केडंबेच्या त्या बलिदानाचे मोल कमी करणे होय. २०१० च्या डिसेंबरात दिग्विजय सिंह यांनी अझीझ बर्नी यांच्या पुस्तकाचे प्रकाशन केले, तेव्हाही या हल्ल्याचा ठपका संघावर ठेवण्याचा हाच उद्योग झाला होता. चौदा वर्षांनंतर प्रचाराच्या धामधुमीत तीच शिळी कढी पुन्हा ऊत आणून वाढली गेली. मतपेढीसाठी सीमेपलीकडच्या गुन्हेगाराला पळवाट मिळाली तरी चालेल, ही वृत्ती निषेधार्हच आहे.

येथवर वाचकांची सहमती असेल, याविषयी मला शंका नाही. यापुढचा भाग कदाचित काहींना रुचणार नाही.

लोकांचा वकील

निकम हे नाव सातारा-सांगलीला केवळ वृत्तपत्रांतून ठाऊक झालेले नाही. २०१६ मध्ये वाई-धोम परिसरातील खूनमालिका उघडकीस आली आणि सारा जिल्हा सुन्न झाला, तेव्हा सातारच्या न्यायालयातील त्या खटल्यासाठी शासनाने विशेष सरकारी वकील म्हणून निकम यांनाच नेमले. २०१७ मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात खुद्द पोलीस उभे राहिले. त्याही खटल्यात शासनाने निकम यांच्याकडे काम सोपवले. २०२५ च्या प्रारंभी बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर ग्रामस्थांनी आंदोलन केले, त्यांच्या मागण्यांतही निकम यांची नेमणूक ही एक प्रमुख मागणी होती.

लोक असे का मागतात? सांगलीच्या प्रकरणात तर ते अगदी स्पष्ट होते. आरोपी पोलीस, तपास पोलिसांचा, आणि सरकारी वकीलही सरकारचा. अशा वेळी मृताच्या कुटुंबाला असा माणूस हवा असतो, जो सरकारने नेमलेला असूनही सरकारचा मिंधा नाही. निकम यांनी १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यापासून हा लौकिक कमावला. २०१६ मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला, तो याच लौकिकाचा. हा लौकिक निकम यांचा खरा. पण तो केवळ त्यांचा नाही. सरकारी वकिलाच्या काळ्या झग्यावर समाजाने ठेवलेली ती ठेव आहे.

२७ एप्रिल २०२४ रोजी भाजपने त्यांची उमेदवारी जाहीर केली. ती स्वीकारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. लोकमान्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होते. कायद्याच्या अभ्यासकांनी सार्वजनिक जीवनात यावे, यात गैर काहीच नाही. उमेदवारी स्वीकारताना त्यांनी आपल्याकडील खटल्यांची जबाबदारी सोडली, हेही योग्यच केले. ४ जूनला निकाल लागला. काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी त्यांचा १६,५१४ मतांनी पराभव केला. आणि त्याच जून महिन्यात राज्य शासनाने त्यांना सोडलेल्या खटल्यांवर पुन्हा नेमले.

प्रश्न येथे सुरू होतो. एप्रिलमध्ये जो माणूस पक्षाचे चिन्ह छातीवर लावून मते मागत होता, तोच जूनमध्ये राज्याचा तटस्थ प्रतिनिधी म्हणून न्यायासनासमोर उभा. मधले अंतर अवघे काही आठवड्यांचे. निकम यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला तिळमात्र संशय नाही. पण प्रश्न त्यांच्या मनाचा नसून पाहणाऱ्याच्या विश्वासाचा आहे. उद्या एखाद्या खटल्यातील आरोपी विरोधी पक्षाचा कार्यकर्ता असेल, तर त्याचा वकील न्यायालयात काय म्हणेल? आणि आरोपी आपल्याच पक्षाच्या वर्तुळातला असेल, तर मृताची आई काय म्हणेल? हे दोन्ही प्रश्न विचारले जाणारच. वडेट्टीवारांचा आरोप खोटा होता. तरीही तो करता आला, कारण समोरचा वकील त्या दिवशी उमेदवारही होता.

आपलाच दाखला

कोणी म्हणेल, हा नियम आपण का लावून घ्यावा? काँग्रेसने कधी लावला? काँग्रेसने लावला नाही, हे खरेच आहे. आणीबाणीत, १९७६ च्या बंदिप्रत्यक्षीकरण खटल्यात, महान्यायवादी नीरेन डे यांनी सर्वोच्च न्यायालयात अशी भूमिका मांडली की, एखाद्याचे प्राण बेकायदा घेतले गेले तरी आणीबाणी असेतो त्याला न्यायालयात दाद मागता येणार नाही. मिसाखाली तुरुंगात खितपत पडलेल्या स्वयंसेवकांच्या घरांना त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे १९८२ मध्ये अंतुले यांच्याविरुद्ध भ्रष्टाचाराचा खटला उभा करावयाचा होता, तेव्हा राज्याची यंत्रणा पुढे आली नाही. मुंबईतील भाजपचे नेते रामदास नायक यांनी एक नागरिक म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने दिलेला निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. राज्याचा वकील सत्तेचा वकील झाला की काय होते, हे आपल्या विचारपरिवाराइतके जवळून कोणी अनुभवले आहे? म्हणूनच हा नियम पाळण्याची जबाबदारीही आपल्यावर अधिक आहे.

आणि आपण तो पाळल्याचा दाखलाही आहे. राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी २०१६ च्या मार्चमध्ये जालन्याच्या कार्यक्रमात मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याविषयी विधान केले. स्वतंत्र विदर्भाचे समर्थक म्हणून ते पूर्वीपासून परिचित होतेच. विधिमंडळात गदारोळ झाला आणि २२ मार्चला अणे यांनी राजीनामा दिला. सरकार देवेंद्र फडणवीस यांचे होते. अणे यांच्या विद्वत्तेविषयी कोणाचे दुमत नव्हते. पण राज्याच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्याने वादग्रस्त राजकीय भूमिका जाहीरपणे मांडू नये, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले. व्यासपीठावरील एका विधानासाठी जो दंडक आपण अणे यांना लावला, तो संपूर्ण निवडणूक लढवलेल्या विधिज्ञाला लावू नये, याचे समर्थन मला तरी सापडत नाही.

याच संदर्भात एक जुनी गोष्ट बोलून दाखवणे भाग आहे. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली, ही बातमी देशभर गाजली. तिच्यावर कित्येक व्यासपीठे दुमदुमली आणि त्या वक्त्यांत आपलेही होते. २०१५ च्या मार्चमध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकम यांनी स्वतःच सांगितले की, कसाबने अशी मागणी कधी केलीच नव्हती. त्याच्याविषयी निर्माण होऊ पाहणारी सहानुभूतीची लाट थोपवण्यासाठी ती गोष्ट आपण रचली. हेतू देशहिताचा होता, हे मान्य. पण तीन न्यायालयांत टिकलेल्या, साक्षी-पुराव्यांनी भक्कम अशा खटल्याला त्या बिर्याणीची गरज होती काय? सत्य आपल्या बाजूला असताना त्याला असत्याची फोडणी कशाला? प्रसारमाध्यमांसमोर उच्चारलेली एक रचित गोष्ट पुढे प्रत्येक निंदकाच्या हाती कोलीत देते. तो म्हणतो, एक गोष्ट रचली, तर दुसरी दडवली कशावरून नसेल? हे कोलीत आपण आपल्या हाताने दिले, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

अमेरिकेचा धडा

काही विचारवंत सुचवतात की, नेमणुकीऐवजी निवडणूकच घ्यावी. मग सरकारच्या मर्जीचा प्रश्न उरणार नाही. अमेरिकेत तसे आहे. तेथील पन्नासपैकी ४३ राज्यांत राज्याचा मुख्य विधी अधिकारी जनतेच्या मतांनी निवडला जातो. त्याचे फळ काय, हे २०२५ मध्ये व्हर्जिनिया राज्यात दिसले. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जे जोन्स यांनी २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी रिपब्लिकन पक्षाच्या एका नेत्याला गोळ्या घालण्याविषयीचे संदेश धाडले होते. ते संदेश प्रचाराच्या ऐन रंगात, ऑक्टोबरमध्ये उजेडात आले. जोन्स यांनी क्षमा मागितली. विरोधकांनी रान उठवले. आणि ४ नोव्हेंबरला त्यांनी पदावर असलेल्या जेसन मियारेस यांचा पराभव केला. ज्याच्या हाती राज्याच्या कायद्याचे रक्षण सोपवायचे, त्याच्या जिभेवर राजकीय हत्येची भाषा होती, हे ठाऊक असूनही मतदारांनी पक्ष पाहून मत दिले.

आपल्या घटनाकारांनी हा मार्ग टाळला. राज्यघटनेच्या १६५ व्या कलमानुसार राज्यपाल महाधिवक्त्यांची नेमणूक करतात आणि त्या पदासाठी उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीची पात्रता लागते. एच. एम. सीरवाई यांनी १९५७ पासून १९७४ पर्यंत हे पद भूषवले. त्यांचे नाव घेताना कोणाला पक्ष आठवत नाही, त्यांचा राज्यघटनेवरील ग्रंथ आठवतो. नेमणुकीची पद्धत सीरवाईंसारखी माणसे देऊ शकते. पण मागील दाराने निवडणूक आत आणली, तर अमेरिकेचे दोष आपल्या पदरी पडतील आणि नेमणुकीचे गुणही हातचे जातील.

कायद्यातील फट

ही फट कायद्यातच आहे. जिल्ह्याचा सरकारी वकील नेमताना जिल्हाधिकाऱ्यांनी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करावयाची असते. विशेष सरकारी वकिलाला मात्र दहा वर्षांची वकिली एवढीच अट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे असेच राहिले. म्हणजे सर्वांत गाजलेल्या, सर्वांत नाजूक खटल्यांसाठी सर्वांत सैल नियम.

आपल्या भागासाठी हा प्रश्न आता अधिक जवळचा झाला आहे. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील खंडपीठाचे कामकाज सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची पायपीट वाचली. तेथे राज्याची बाजू मांडण्यासाठी सरकारी वकील लागतात, यापुढेही लागतील. त्या जागांकडे कार्यकर्त्याच्या निष्ठेचे बक्षीस म्हणून पाहिले गेले, तर वाई वा सांगलीसारख्या खटल्यांची अपिले जेव्हा तेथे उभी राहतील, तेव्हा नुकसान पक्षाचे होणार नाही. नुकसान होईल ते न्यायाची वाट पाहणाऱ्या कुटुंबांचे.

काय करता येईल? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. निवडणूक लढवलेल्या वा पक्षाचे पद भूषवलेल्या विधिज्ञास किमान दोन वर्षे राज्याच्या वतीने फौजदारी खटला चालवता येऊ नये. विशेष सरकारी वकिलाच्या नेमणुकीतही न्यायालयाशी विचारविनिमय आवश्यक करावा आणि नेमणुकीची कारणे लेखी नोंदवावीत. आणि खटला चालू असताना सरकारी वकिलाने न्यायालयाबाहेर प्रसारमाध्यमांशी बोलू नये. केंद्रात आणि राज्यात आपल्या विचारांची सरकारे असताना हे करणे आपल्याला शक्य आहे. सत्ता नसताना अशी मागणी करणे सोपे असते. सत्ता हाती असताना स्वतःवर बंधन घालून घेणे, हीच संस्काराची कसोटी.

एक आक्षेप राहतो. निकम यांच्यासारखा अनुभवी माणूस दोन वर्षे बाजूला बसवला, तर पीडितांचे काय? आक्षेप रास्त आहे. पण एका माणसावाचून राज्याचे खटले अडत असतील, तर तो दोष त्या माणसाला बंधन घालण्याचा नाही. तीस वर्षांत त्याच्या तोडीचे दुसरे दहा न घडवण्याचा आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी निकम यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. त्यांच्या अनुभवाला तेथे मोठे क्षेत्र आहे. सरकारी वकिलांच्या निवडीचा आणि प्रशिक्षणाचा कायदा सुधारण्यासाठी संसदेत त्यांनीच पुढाकार घेतला, तर त्यांच्या कारकिर्दीचा तो सर्वांत मोठा विजय ठरेल.

साताऱ्याजवळच्या कृष्णा-वेण्णा संगमावरील माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. नारायणराव पेशव्यांच्या हत्येनंतर ज्या रघुनाथरावांच्या हाती सत्ता होती, त्यांनाच रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले आणि न्यायासन सोडून ते निघून गेले. पुढे काळ पालटल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावले गेले. त्यांना परत येता आले, कारण जाताना ते कोणाच्याही गोटात गेले नव्हते. आपण भाषणांतून रामशास्त्री बाण्याचा उल्लेख नित्य करतो. तो बाणा दुसऱ्यांच्या सत्तेला सुनावण्यासाठी जेवढा उपयोगी, तेवढाच आपल्या सत्तेला जागे ठेवण्यासाठीही. केडंबेच्या ओंबळे यांनी प्राण देऊन ज्या खटल्याचा मार्ग मोकळा केला, त्या न्यायप्रक्रियेवर यापुढे कोणालाही बोट ठेवता येऊ नये, एवढी काळजी घेणे हे आपल्यावरचे त्यांचे ऋण आहे.